नामदेवचे चार दिवस

कप वर्षातून एकदाच होतो, पण त्याच्या गोष्टी संपत नाहीत. वर्षं जातात तशा त्या वाढतात. आमच्या गिरणीच्या फुटबॉल टीममधले आता आम्ही तिघंच उरलो. विठ्ठल नंदनवनला राहतो. महिन्यातून एकदा त्याच्या ओट्यावर बसतो. चहा येईपर्यंत पहिली गोष्ट निघालेली असते. विठ्ठल सांगायला लागला की त्याच्या गोलांमध्ये दरवर्षी एकाची भर पडते. म्हणून ठरवलं, आपणच लिहून काढावं. माझी शाळा चौथीपर्यंत. जे झालं तेवढंच मला लिहिता येतं.

या गोष्टी सत्तर सालच्या आसपासच्या, एकाच हंगामातल्या. मी टीमचा कप्तान होतो, फुलबॅक खेळायचो, म्हणजे मागे बचावाला. स्पर्धा नॉकआउट. हरला तो घरी. सामना बरोबरीत सुटला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळायचा. हा दुसरा नियम लक्षात ठेवा.

*

आमचा गोलकीपर नामदेव मला मैदानावर सापडला नाही. माग खात्यात सापडला.

मागावर सूत घेऊन इकडून तिकडे धावणारा लाकडी धोटा असतो. दोन्ही टोकांना लोखंड. कधी कधी तो मागातून सुटतो आणि बंदुकीच्या गोळीसारखा उडतो. धोटा उडाला की सगळ्यांनी खाली बसायचं, हे पहिल्या दिवशी शिकवतात. त्या खात्यात एका डोळ्याची दोन माणसं होती.

मी तिथे जॉबर होतो, मागांवर देखरेख करायचो. एक दिवस धोटा सुटला. सगळे खाली बसले. मीही बसलो. वर पाहिलं तर एक बदलीवाला पोरगा उभाच! धोटा त्याच्या दोन्ही हातांत.

मी ओरडलो, "धोटा पकडते का कोणी, बेटा? डोळा गेला असता ना!"

तो म्हणाला, "येऊन राहिला होता, भाऊ. पकडला."

मी विचारलं, "फुटबॉल येते का?"

"मले नाही येत."

"तुले खेळाले कोण सांगून राहिलं? रविवारी ये अन् फक्त पकड!"

*

नामदेव बदलीवाला होता, हे नीट सांगितलं पाहिजे. कायम माणसाची जागा ठरलेली. बदलीवाल्यानं रोज कार्ड घेऊन फाटकावर उभं राहायचं. आत कोणी गैरहजर असेल तर त्याच्या मागावर काम मिळायचं, कार्डावर शिक्का पडायचा. नाही तर घरी. वर्षात ठरलेले शिक्के भरले की माणूस कायम होई. नामदेव सहा वर्षं फाटकावर उभा होता. दरवर्षी डिसेंबर आला की थोडे शिक्के कमी पडायचे आणि जानेवारीत पुन्हा पहिल्यापासून.

त्या वर्षी पहिल्यांदाच त्याचं गणित जमत आलं होतं.

सामने चार वाजता. नामदेवला काम मिळायचं दुसऱ्या पाळीत, साडेतीनला. आम्हा कायम लोकांना सामन्याच्या दिवशी हजेरी लागायची. बदलीवाल्याला नाही. तो गोलमध्ये उभा असेल तर मागावर उभा नाही, मग शिक्का कसला?

मी त्याला घेऊन टाइमकीपरकडे गेलो. टाइमकीपर भला माणूस होता. त्यानं कार्ड पाहिलं, बोटांवर मोजलं.

"वर्ष संपेपर्यंत चार दिवस गेले तरी चालतील," तो म्हणाला. "पाचवा गेला तर यंदाचंही गेलं."

कपात आमच्या वाट्याला चार फेऱ्या होत्या. फायनल धरून चार.

मी नामदेवकडे पाहिलं. म्हटलं, "बघ. दुसरा गोली माझ्याजवळ नाही, पण जबरदस्ती नाही."

तो म्हणाला, "चार त चार. बरोबर बसते ना, भाऊ."

*

पहिली फेरी कॉलेजच्या पोरांबरोबर. त्यात नामदेवपेक्षा विठ्ठलची गोष्ट मोठी.

विठ्ठल आमचा लेफ्ट आउट, डाव्या कडेनं पळणारा. जन्मभर अनवाणी खेळलेला. घोट्याला पट्टी बांधायचा, बस. त्या वर्षी नियम आला की मैदानात बूट पाहिजेतच. गिरणीनं बूट दिले, ते दोन नंबर मोठे. रेफरीनं सगळ्यांना ओळीत उभं करून पाय तपासले. विठ्ठलच्या पायात बूट होते. सामना सुरू झाला.

पाच मिनिटांनी रेफरीनं शिट्टी मारली. "अरे, तुझे बूट कुठे आहेत?"

विठ्ठलनं बोट दाखवलं. कॉर्नरच्या झेंड्याजवळ, रेषेच्या आत, दोन्ही बूट देवळाबाहेर काढून ठेवावेत तसे ठेवलेले!

"मैदानातच हाय ना साहेब," विठ्ठल म्हणाला. "बाहेर कुठं नेले मी?"

रेफरी म्हातारा मास्तर होता. त्यानं एकदा बुटांकडे पाहिलं, एकदा विठ्ठलच्या पायांकडे, आणि पुढे चला म्हणून हात केला.

शेवटच्या दहा मिनिटांत त्यांचा बॅक विठ्ठलच्या मागे धावताना त्याच बुटांना अडखळून तोंडावर पडला. गोल झाला. आम्ही एक-शून्यानं जिंकलो. विठ्ठल धावत गेला तो आमच्याकडे नाही, बुटांकडे! उचलून त्यांच्या पाया पडला.

नामदेवचा एक दिवस गेला. तीन उरले.

*

दुसऱ्या फेरीत माझं आणि नामदेवचं भांडण झालं.

सामना पोस्टाच्या लोकांशी होता. हाफटाइमपर्यंत गोल नाही. संत्र्याच्या फोडी खात सगळे बसले होते. नामदेव खाईना.

मी म्हटलं, "काय झालं?"

"बरोबरी होऊ देऊ नका, भाऊ."

"कोणाले पाहिजे बरोबरी?"

तो म्हणाला, "जिंका. नाही त हरा. पण बरोबरी नका करू."

मला राग आला. मी कप्तान होतो. माझ्या टीमच्या तोंडून हरा हा शब्द मी ऐकला नव्हता. सगळ्यांसमोर त्याला झापलं. "हराची गोष्ट पुन्हा काढली त मैदानातून हाकलीन!"

तो उठला नाही, आवाजही चढवला नाही. "रागावू नका. जिंकलो त कपाच्या जवळ जातो. हरलो त उरलेले दिवस वाचते. बरोबरीनं मले काय भेटते? तुम्हीच सांगा."

सगळ्यांच्या हातातल्या फोडी तशाच राहिल्या.

दुसऱ्या हाफमध्ये आमच्या अकरा जणांनी जे खेळून दाखवलं ते मी पुन्हा कधी पाहिलं नाही. तीन गोल झाले. सामना संपल्यावर पोस्टाचा कप्तान विचारत होता, "हाफटाइमला यांना खाऊ काय घातलं?"

विठ्ठल म्हणाला, "नामदेवनं भाषण दिलं."

*

सेमीफायनलची गोष्ट आम्ही बाहेरच्या माणसाला सांगत नाही. इथे सांगतो.

थंडीत लवकर अंधारतं म्हणून सामना तीन वाजता ठेवला होता. मैदान गिरणीच्या भिंतीला लागून. समोर रेल्वेची टीम. आम्ही एक गोल पुढे होतो. विठ्ठलचाच गोल होता, हे त्याच्यासाठी लिहितो.

साडेतीन वाजले आणि भोंगा झाला.

आमच्यातले आठ जण पहिल्या पाळीचे. वीस वर्षं त्या भोंग्याला हात थांबलेले. सगळे जागच्या जागी उभे! आमच्या हाफबॅकनं तर चड्डीला हात पुसले. मीही उभा राहिलो. खोटं कशाला लिहू?

चेंडू रेल्वेवाल्याच्या पायात होता. तो तसाच पुढे निघाला. मी भानावर येऊन मागे वळून पाहिलं, म्हटलं गोली आहे. गोलमध्ये कोणी नव्हतं. तो भोंगा दुसऱ्या पाळीचाही होता. नामदेव गोल सोडून फाटकाच्या दिशेनं दहा पावलं पळाला होता!

चेंडू रिकाम्या जाळीत गेला.

रेल्वेवाले पोट धरून हसले. त्यांचा सेंटर फॉरवर्ड म्हणाला, "क्या भाई, चाय की छुट्टी हो गई क्या?"

नामदेव परत आला. "पाय आपोआप पळाले, भाऊ," एवढंच म्हणाला.

एक-एक झालं. पुढचा पाऊण तास आम्ही घड्याळाशी खेळलो. बरोबरी झाली असती तर दुसऱ्या दिवशी त्याचा चौथा दिवस गेला असता आणि फायनलला काही उरलं नसतं. दोन मिनिटं बाकी असताना कॉर्नरवरून मी डोकं लावलं आणि गोल झाला. मी फुलबॅक, आयुष्यात असे मोजकेच गोल केले असतील. त्यांच्या बॅकच्या डोक्यावर आपटून माझ्या डोक्याला टाका पडला.

टाका घालणारा कंपाउंडर म्हणाला, "दुखते का?"

मी म्हटलं, "नाही. तीन झाले."

मी नामदेवचे दिवस मोजत होतो. त्याला वाटलं, टाके मोजतो आहे. म्हणाला, "एकच घातला, भाऊ!"

*

फायनलच्या आधी मी ऑफिसात गेलो. मी कधी कोणाकडे काही मागायला गेलो नव्हतो. ती एकच वेळ.

गिरणीचे मॅनेजर साहेब टाय लावून बसले होते. मी उभ्यानंच सांगितलं. पोरगा गिरणीसाठी खेळतो. आम्हाला हजेरी लागते, त्यालाही लावा.

साहेब म्हणाले, "हे बघा, शिक्का कामाचा असतो. जो मागासमोर उभा राहील त्याला शिक्का."

"तो गिरणीचंच काम करून राहिला, साहेब. शर्टावर गिरणीचं नाव हाय."

"तुम्ही कायम आहात म्हणून तुमची गोष्ट वेगळी. एकाला सवलत दिली तर उद्या शंभर जण मागतील."

मी विचारलं, "कप आला त कुठं ठेवसान?"

"इथे. या कपाटावर."

"म्हणजे कप गिरणीचा."

"अर्थात."

"अन् पकडणारा?"

साहेबांनी पंख्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "मग त्याला खेळवू नका. मी कुठे जबरदस्ती केली आहे?"

मी नमस्कार केला आणि बाहेर आलो. नामदेवला यातलं काही सांगितलं नाही.

*

फायनल कामठीच्या टीमशी. ती विणकरांची टीम. आम्ही गिरणीच्या मागावरचे, ते घरच्या हातमागावरचे. त्यांचा कप्तान रहीमभाई, सेंटर हाफ. कमी बोलणारा, अंगानं उंच. चार-पाच वर्षं आम्ही एकमेकांविरुद्ध खेळत होतो. दोघं कधी दोन वाक्यांपेक्षा जास्त बोललो नव्हतो. गोली युसूफ, सगळ्या शहरात पहिला.

एक-एक झालं होतं. शेवटची तीन मिनिटं. त्यांचा फॉरवर्ड आत शिरला आणि मी त्याला पाडलं. पाय चेंडूलाच लावायचा होता, लागला त्याच्या घोट्याला. पेनल्टी. चूक माझी.

रहीमभाईनं चेंडू ठेवला. मी नामदेवजवळ गेलो. गोल झाला तर सामना संपणार, कप कामठीला जाणार, नामदेवचे चारच दिवस जाणार. अडवला तर बरोबरी, उद्या पुन्हा सामना. पाचवा दिवस.

मी त्याच्या कानाशी म्हटलं, "नामदेव, सोड."

"काय?"

"सोड म्हणतो. दुसऱ्या बाजूले पड. कोणाले समजत नाही."

हे मी बोललो. मी, ज्यानं त्याला हराचं नाव काढलं म्हणून झापलं होतं.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "मागं व्हा तुम्ही. रेषेच्या मागं."

रहीमभाईचा फटका जोराचा होता, उजवीकडे, खाली. नामदेवनं तो नुसता अडवला नाही. दोन्ही हातांत धरला आणि पोटाशी घेऊन पडून राहिला. लोक मैदानात आले. त्याला खांद्यावर घेतलं. सगळे हसत होते, खांद्यावर बसलेला तो मात्र हसत नव्हता.

शिट्टी झाली. उद्या तीन वाजता पुन्हा.

*

सकाळी कामावर जाण्याआधी मी त्याच्या खोलीवर गेलो. तो बनियन धुवत होता, गोलकीपरचं.

मी म्हटलं, "ते वाळत घाल अन् ठेवून दे. लिस्टमध्ये तुझं नाव नाही."

"काहून?"

"कप्तान मी हाय. मी लिहीन ते नाव."

"भाऊ, सगळं हातात आलं हाय. एक वर्ष अजून उभा राहीन फाटकावर. सहा राहिलो, सातवं..."

"आज तीन वाजता फाटकावर दिसला नाही, अन् मैदानावर दिसला, त तंगडी मोडीन. समजलं?"

तो बराच वेळ बनियन पिळत राहिला. मग म्हणाला, "अन् गोलमध्ये कोण?"

"मी."

तेव्हा मात्र तो हसला. आदल्या दिवशी खांद्यावर हसला नव्हता तो!

*

जानेवारीत फाटकावरच्या फळ्यावर कायम झालेल्यांची नावं लागली. त्यात नामदेवचं होतं. पुढे तो त्याच खात्यातून रिटायर झाला. पण खरी गोष्ट त्या दुपारची आहे. ओट्यावर आम्ही ती नेहमी शेवटी सांगतो, आणि सांगून झाल्यावर विठ्ठल उठून आत जातो.

आम्ही मैदानावर उतरलो. मी गोलीचं बनियन घातलेलं. ते मला छातीत दाटत होतं. रहीमभाईनं ते पाहिलं आणि आमच्या बाजूला आला.

"तुम्हारा गोली किधर है?"

मी म्हटलं, "कामावर."

"आज? फायनल के दिन?"

आमच्या घरातलं बाहेर सांगायची मला सवय नाही. पण विठ्ठलचं तोंड कधी बंद राहिलं? त्यानं सगळं सांगितलं. सहा वर्षं, कार्ड, शिक्के, चार दिवस, पाचवा दिवस. मी त्याला दोनदा गप्प बस म्हटलं. रहीमभाई मान खाली घालून ऐकत होता. ऐकून झालं, तसा तो वळला आणि आपल्या माणसांत गेला. तिथे सगळे त्याच्याभोवती कडं करून उभे राहिले. काय बोलले ते ऐकू आलं नाही.

टीम जागेवर उभ्या राहिल्या तेव्हा त्यांच्या गोलमध्ये युसूफ नव्हता. युसूफची टोपी घालून रहीमभाई स्वतः उभा होता. आयुष्यात कधी गोलमध्ये उभा न राहिलेला माणूस.

मी अख्खं मैदान ओलांडून त्याच्याकडे गेलो. "हे काय?"

"युसूफ के पाँव में मोच आ गई."

मी रेषेबाहेर पाहिलं. युसूफ तिथे उभा राहून चेंडू गुडघ्यावर नाचवत होता. एका पायावरून दुसऱ्या पायावर.

मी म्हटलं, "रहीमभाई, आम्हाले दया नको."

तो म्हणाला, "कप्तान, अपनी जगह पे जाओ. सीटी होनेवाली है."

तसा सामना त्या मैदानावर पुन्हा झाला नाही. दोन्हीकडे गोली नाही, अन् समोर येईल त्यानं मारलेला चेंडू आत! लोक आधी हसले, मग ओरडले, मग उभे राहिले. आम्ही एक मारला की ते एक मारायचे. रहीमभाई हातांऐवजी पायानं अडवायचा. माझ्या मनगटाला सूज आली. माझ्याकडून सहा गेले, त्याच्याकडून पाच. कप कामठीला गेला.

बक्षीस द्यायला साहेब आले होते. मला हात दिला आणि म्हणाले, "चांगले खेळलात. पण तो तुमचा गोली कुठे आहे?"

मी म्हटलं, "तुमच्या मागावर."

रहीमभाईनं कप घेतला. लोक त्याच्याभोवती जमले होते, तरी तो वाट काढत माझ्याजवळ आला. कप काखेत, टोपी अजून डोक्यावर.

"लगा ठप्पा?" त्यानं विचारलं.

मी म्हटलं, "साडेतीनलाच लागला. टाइमकीपरचा निरोप आला."

त्यानं मान हलवली. मग टोपी काढून युसूफच्या डोक्यावर ठेवली आणि कप त्याच्या हातात दिला. युसूफनं कप दोन्ही हातांनी वर धरला आणि त्या मुरगळलेल्या पायानं अख्ख्या मैदानाला धावत फेरी मारली.